स्थौल्य आणि बीजस्वभाव : मूषकांची साक्ष

स्थौल्य हे केवळ अतिभोजनाचे व आळसाचे फळ होय, असा समज रुग्णांत आणि क्वचित चिकित्सकांतही आढळतो. चरकाचार्यांनी मात्र सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात आहार, अव्यायाम, दिवास्वाप इत्यादी हेतूंच्या शेवटी ‘बीजस्वभाव’ही सांगितला आहे. आधुनिक प्रयोगशाळेतील मूषकांची साक्ष या हेतूकडे लक्ष वेधते.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत 1949 साली काही मूषक विलक्षण स्थूल व सदैव क्षुधित आढळले. त्याचे कारण 1994 साली जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी शोधले. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक मेदाच्या साठ्याची वार्ता मेंदूस देते. या मूषकांत त्याचे जनुक सदोष असल्याने मेदाचा संचय असूनही मेंदूस उपासमारच भासे. लेप्टिन टोचताच त्यांचा आहार व भार दोन्ही घटले. बहुसंख्य स्थूल मनुष्यांत मात्र लेप्टिन विपुल असते. मेंदूच त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणूनच सामान्य स्थौल्यावर ते औषध म्हणून निष्फळ ठरले.

मेदाने मार्ग आवृत झाल्यावर कोष्ठस्थ वायू अग्नीस प्रदीप्त करतो व क्षुधा वाढते, ही चरकोक्त संप्राप्ती येथे आठवते. तथापि लेप्टिन म्हणजे अमुक दोष, असे समीकरण मांडणे शास्त्रास धरून होणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातील संशोधन याहून निकटचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुणे परिसरातील ग्रामीण नवजातांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो आढळले. आपली बालके मांसाने कृश होती, त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने राखलेला होता.

डॉ. आनंदवर्धन हार्डीकर व सहकाऱ्यांनी 2015 साली पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत उदरस्थ मेद, इन्सुलिन व लेप्टिन अधिक, तर जीवनसत्त्व बी-12 कमी आढळले. पुढे दोन पिढ्यांस यथेच्छ आहार देऊनही हा विकार मावळला नाही. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. तरीही दुष्काळ सोसलेल्या घराण्यांच्या वंशजांविषयी ही सूचना दुर्लक्षिण्याजोगी नाही.

गंगापूर रोडवरील माझ्या चिकित्सालयात हातपाय कृश व उदर लंबित असे रुग्ण येतात. वजनकाटा त्यांस निर्दोष ठरवितो. अशा वेळी कंबरेचा घेर मोजावा, रक्तशर्करा तपासावी, लक्षणे असल्यास थायरॉईडची परीक्षा करावी. सरसकट उपवास लादू नये. चरकोक्त गुरु-अपतर्पणाचा, म्हणजे पचण्यास जड परंतु अपतर्पण करणाऱ्या आहाराचा, विचार करावा. व्यायामाने मांसधातूचे बल राखावे.

त्याहून महत्त्वाची गर्भिणी परिचर्या. विवाहोत्सुक कन्येस कृश राहण्यासाठी अर्धपोटी ठेवणाऱ्या कुटुंबास वैद्यानेच सावध करावे. तिच्या ताटातील उणीव पुढील पिढीच्या मेदात प्रकट होऊ शकते. आणि तेथे औषधापेक्षा वेळीच दिलेला सकस आहार अधिक समर्थ ठरतो.