अमेरिकेत आपलं पोरगं कोणाचं काय खातं?

माहूरहून येताना परवा फुलसावंगीला एका ओळखीच्या घरी चहाला थांबलो. ओसरीवर सोयाबीनची पोती. घरधनी साठीतले. थोरला मुलगा अमेरिकेत संगणकाच्या कामावर आहे. धाकटी मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिलाही पुढं शिकायला तिकडंच जायचं आहे, आणि त्यासाठी नाल्याकाठचे दोन एकर विकावेत का, यावर घरात खल चाललेला. मध्येच त्यांनी मला विचारलं, "भाऊ, पोराले तिथं दुकानात एक जण म्हणाला, तुम्ही लोकं आमच्या नोकऱ्या खाता, आपल्या देशात चालते व्हा. आता सांगा, माहं पोरगं तिथं कोणाचं काय खाते जी? रात्रंदिवस कामच त करते."

वाचकहो, हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. म्हणून जे त्यांच्याशी बोललो तेच तुम्हालाही सांगतो.

आधी आपल्याच शिवारात पाहा. सोयाबीन निघायच्या वेळी पंजाबातून हार्वेस्टर घेऊन माणसं येतात. पाऊस डोक्यावर, मजूर मिळेना, म्हणून आपणच त्यांना बोलावतो. बघता बघता रान मोकळं होतं. ज्या बायांचा सोंगणीचा रोज बुडाला त्या धुऱ्यावर उभ्या राहून शिव्या कोणाला देतात? यंत्रावर बसलेल्या सरदारजीला. ज्याच्या वावरात यंत्र आलं त्या पाटलाला कोणी बोलत नाही. पाटील गावातला, उद्या निंदणाला त्याच्याकडेच जायचं असतं. आलेला परका, चार दिवसांनी जाणारा. अमेरिकेतलं प्रकरण याहून फार वेगळं नाही.

तिकडे कसबी परदेशी माणसाला कामावर आणण्यासाठी एच-वन-बी नावाचा परवाना असतो. १९९० च्या कायद्याने तो सुरू झाला. वर्षाला ६५ हजार नवे परवाने, आणि तिथंच वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज पुष्कळ जास्त, म्हणून सोडत काढतात. अलीकडच्या वर्षांत मंजूर अर्जांपैकी दहांत सातांहून अधिक भारतीयांचे असतात. मेख अशी की हा परवाना माणूस मागत नाही, मालक मागतो. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरा मालक गाठायचा किंवा दुसरी काही सोय लावायची, नाही तर गाठोडं बांधायचं.

ऊसतोडीची उचल ज्यांनी घेतली आहे त्यांना हे उलगडून सांगायला नको. मुकादमाची उचल अंगावर असली की हंगामभर कोयता त्याचा. पटलं नाही म्हणून दुसऱ्या टोळीत जाता येत नाही. पगारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ते मी एका मापात मोजत नाही. एच-वन-बीवाल्याला मालक बदलता येतो, पण नव्या मालकाने कागद करावे लागतात. बांधलेला माणूस घासाघीस करत नाही, हे मात्र दोन्हीकडे खरं. म्हणून तो मालकाला आवडतो आणि गावच्या मजुराच्या डोळ्यांत सलतो.

तिथल्या माणसाच्या रागात काहीच तथ्य नाही, असंही म्हणू नका. फ्लोरिडा राज्यात ऑरलँडोला डिस्ने कंपनीची प्रचंड करमणूक-नगरी आहे. २०१४ च्या अखेरीस तिथल्या संगणक विभागातल्या सुमारे अडीचशे लोकांना कळवण्यात आलं की तुमच्या जागा जाणार. त्यांचं काम ठेकेदार कंपन्यांकडे गेलं. जाण्याआधी अनेकांना आपल्या जागी येणाऱ्या माणसांना काम शिकवावं लागलं, आणि येणाऱ्यांत भारतातून परवान्यावर आलेलेही होते. आपण वळण लावलेली बैलजोडी आपल्याच हातांनी दुसऱ्याच्या दावणीला बांधून द्यायची, असा तो प्रकार. काही जण कोर्टात गेले. २०१६ मध्ये त्यांचे दावे फेटाळले गेले. त्यांना काय वाटलं असेल, हे आपल्याला कळू नये? पण त्या खुर्चीवर येऊन बसलेल्या पोराने तरी काय केलं? मालकाने पाठवलं तिथं तो बसला.

हे काही आजचं नाही. १८८३ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं घरात घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच देशाने चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला होता. शिकून परत जाणाऱ्या पाहुणीला पाट मांडला, मजुरीत वाटा घेणाऱ्याला बाहेर ठेवलं. ४ सप्टेंबर १९०७ ला बेलिंगहॅम या गावी लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी लोकांना, बहुतेक पंजाबी शिखांना, शेकडोंच्या जमावाने एका रात्रीत हुसकून लावलं. हे कमी पैशात राबतात, ही तक्रार. जमाव गेला तो कामगारांच्या खोल्यांवर.

पुढे १९६५ च्या कायद्याने शिकलेल्यांना दार उघडलं. आपले डॉक्टर, इंजिनीअर गेले. १९८१ मध्ये त्यांनी शिकागोला बृहन्महाराष्ट्र मंडळही काढलं. आणि मायबहिणींनो, १९८७ साली न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत एका टोळक्याने वर्तमानपत्राला पत्र धाडून भारतीयांना शहरातून घालवण्याची धमकी दिली. टोळक्याचं नाव 'डॉटबस्टर्स'. म्हणजे कपाळावरची टिकली हीच त्यांना शत्रूची खूण वाटत होती. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या नोकरदार तरुणाला पोरांच्या घोळक्याने इतकं मारलं की तो वाचला नाही. नवरोज पारशी होता. त्याच्या कपाळी कुठली आली टिकली!

२२ फेब्रुवारी २०१७ ची गोष्ट तर बऱ्याच जणांना आठवत असेल. कॅन्सस राज्यात ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोटला हा हैदराबादकडचा इंजिनीअर मित्राबरोबर बसला होता. 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडत एकाने गोळ्या घातल्या. श्रीनिवास गेला, मित्र जखमी झाला. इयान ग्रिलॉट नावाचा तिथलाच एक तरुण मारेकऱ्याला धरायला नि:शस्त्र धावला, त्यालाही गोळी लागली. हे नावही लक्षात ठेवा. मारेकऱ्याला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. पण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेलेली एक गोष्ट मला फार लागली. श्रीनिवासची पत्नी सुनयना हिचा तिथं राहण्याचा हक्क नवऱ्याच्या परवान्यावर होता. नवरा गेला, हक्कही गेला. अंत्यविधीसाठी ती मायदेशी आली तेव्हा परत जाता येईल का, हाच प्रश्न होता. तिथल्या एका लोकप्रतिनिधीने खटपट केली म्हणून ती जाऊ शकली.

आपण फार मोठ्या तोंडाने बोलावं असंही नाही. १९६६ साली शिवसेना निघाली तेव्हा मुंबईत पहिला रोख होता कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य कारकुनांवर. २००८ च्या ऑक्टोबरात रेल्वेच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना मार खावा लागला. मराठी पोरगं बेकार होतं, हे खोटं नव्हतं. मार पडला तो अर्ज घेऊन आलेल्याला.

तर मुलीचं काय? मी घरधन्यांना म्हटलं, शिकवा जरूर; पण दोन एकर विकून आपण सोडतीची चिठ्ठी घेतो आहोत हे समजून विका. १९ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या परवान्यासाठी मालकाने एक लाख डॉलर भरावेत असं जाहीर केलं. तेव्हाच्या भावाने सुमारे ८८ लाख रुपये! सुट्टीवर आलेल्यांची विमान गाठायला पळापळ झाली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की जुन्या परवान्यांना हे लागू नाही. ऑक्टोबरात आणखी एक खुलासा झाला, की तिथंच शिकणाऱ्याने तिथूनच परवाना बदलून घेतला तर हा भार नाही. रागाचं राजकारण झालं की नियम असे आठवड्यागणिक हलतात. त्यावर जमीन लावायची तर कर्जाचा हप्ता इथल्या पगारातही फिटेल का, हे आधी मांडून बघा. एजंट म्हणतो तेवढ्यावर जाऊ नका.

"पण इथं राहून कसबाले काय किंमत भेटते?" ते म्हणाले. यावर मला उत्तर सुचलं नाही. याच गावच्या आठवी शिकलेल्या एका हुन्नरी तरुणाने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बांधलं होतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याची चाचणी घेताना तो गेला. ते सगळ्या गावाने पाहिलं आहे.

निघताना मुलाचा फोन आला. तिकडे सकाळ होत होती.

"सोयाबीन इकलं का बाबा?"

"नाही रे, भावच नाही."

दुकानातल्या माणसाबद्दल बाप काही बोलला नाही, मुलगाही नाही. मग मुलीने फोन घेतला आणि सोडत कधी असते ते विचारत ती आत गेली.