जुन्या बुलेटचे बेअरिंग: हातोड्याआधी उष्णता
बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या बुलेटचे इंजिन खोलताना क्रँककेसमध्ये रुतून बसलेले मेन बेअरिंग पाहून हातोडा उगारण्याचा मोह होतो. परंतु ॲल्युमिनियमच्या त्या ओतीव कवचास एकदा तडा गेला, की तो सांधणे मोठे जिकिरीचे काम होऊन बसते. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सबब तेल-पेट्रोलचा अंशही न ठेवता धुतलेली, ऑइल सील काढलेली क्रँककेस सर्व बाजूंनी सावकाश, सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे शिंपडलेला पाण्याचा थेंब चर्रकन उडून जाईल इतपत तापवावी. मग जाड हातमोजे घालून ती लाकडी फळीवर हलकेच आपटली, की बेअरिंग बहुधा खाली येते आणि त्याचे घर शाबूत राहते. या यंत्रांविषयी ममत्व बाळगणाऱ्याने एवढा धीर अवश्य धरावा.