दगडाला आपलं गाव ठाऊक असतं

मोबाइलच्या सर्किटवर तांदळाच्या कणीहूनही बारीक ठोकळे असतात. त्यांतले काही टँटलमचे कपॅसिटर. या धातूची पूड भाजून सच्छिद्र गोळी करतात आणि तिच्या कणाकणावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात, म्हणून एवढ्याशा जागेत भरपूर विद्युतभार मावतो.

टँटलम मिळतं कोल्टन या काळ्या, हाताला जड लागणाऱ्या खनिजातून. पूर्व काँगोत रुबायाच्या डोंगरांत माणसं पहारी-फावड्यांनी माती उकरतात, पाण्यात धुतात आणि उरलेल्या खनिजाची पोती पाठीवरून खाली आणतात. एप्रिल 2024 मध्ये एम23 या सशस्त्र गटाने रुबायाचा ताबा घेतला. तेव्हापासून हा गट तिथल्या खनिजावर वसुली करतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलं आहे.

खनिजाच्या पैशावर लढाया पोसल्या जाऊ नयेत म्हणून अमेरिकेने 2010 मध्येच डॉड-फ्रँक कायद्यात कलम 1502 घातलं. कथील, टंगस्टन, टँटलम आणि सोनं वापरणाऱ्या, तिथल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी माल काँगोतून किंवा त्याच्या शेजारच्या देशांतून येतो का, याचा शोध घ्यायचा. खाणीवर पोत्याला क्रमांकाची पट्टी लावण्याची पद्धतही आली. पण पट्टी विकता येते, दुसऱ्याच पोत्याला लावता येते.

खनिजाचा कण मात्र खोटं बोलत नाही! कोल्टन तयार होतानाच त्यात थोडं युरेनियम अडकतं आणि ठरलेल्या गतीने त्याचं शिसं होत राहतं. जर्मनीच्या बीजीआर या भूविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ लेझरने कणावर सूक्ष्म खड्डा पाडतात आणि उडालेल्या द्रव्यातलं युरेनियम-शिशाचं प्रमाण मोजतात. मध्य आफ्रिकेतलं कोल्टन बहुतांशी 100 कोटी वर्षांच्या आसपासचं, तर ऑस्ट्रेलियातल्या वॉजिना आणि ग्रीनबुशेसचं 250 कोटींहून जुनं. शेजारशेजारच्या खाणींतल्या कणांचं वय सारखंच निघतं. तेव्हा कणातल्या इतर मूलद्रव्यांचे अंश मोजून ते साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात. पट्टीवरचं नाव आणि कणाची साक्ष जुळली नाही, की संशयाला जागा होते.

कारखान्यात खनिज आम्लात विरघळलं की ही साक्ष कायमची पुसली जाते. खाणी असंख्य, फोन कोट्यवधी. पण टँटलम शुद्ध करणारे कारखाने जगभरात मोजकेच. तपासणीची खरी जागा त्यांचं फाटक आहे, असं मला ठामपणे वाटतं. डॉड-फ्रँक कायद्याखाली येणाऱ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सर्वांसाठी खुले असतात आणि अनेकांत अशा कारखान्यांची यादी असते. तुमचा फोन बनवणारी कंपनी त्यांत असेल, तर ती यादी एकदा वाचा.