परळ–प्रभादेवी : पुलावरून आणि पुलाखालून

एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं ते जुलै 2018 मध्ये. फलाटावरच्या पाट्या बदलल्या, तिकिटावरचं नाव बदललं, लोकलमधली उद्घोषणा बदलली. या स्टेशनात गेल्या काही वर्षांत जे जे बदललं, त्यात सर्वांत विनासायास पार पडलेलं काम बहुधा हेच असावं. बाकीची कामं हलायला आधी काहीतरी विपरीत घडावं लागलं.

परळ मध्य रेल्वेचं, एल्फिन्स्टन पश्चिम रेल्वेचं. दोन्ही स्टेशनं एकमेकांना खेटून, मधे फक्त रूळ. एका रेल्वेतून उतरून दुसरीकडे जाणाऱ्यांचा भार वर्षानुवर्षं एका अरुंद पादचारी पुलावर आणि त्याच्या जिन्यावर होता. 29 सप्टेंबर 2017 रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस आला. छत्री नसलेले लोक पुलावरच थांबले आणि खाली येणारी प्रत्येक लोकल आणखी माणसं वर पाठवत राहिली. त्या जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. पुढे रेल्वेच्या चौकशीत मुख्य ठपका पावसावर आला. सप्टेंबरात मुंबईत पाऊस पडतो ही काही गुप्त माहिती नव्हे. या ठिकाणी 12 मीटर रुंदीचा पूल 2016 मध्येच मंजूर झाला होता, तो कागदावर होता.

पण पूल अरुंद का होता, हा प्रश्न मला अपघातापेक्षा जुना वाटतो. हा सगळा भाग गिरणगावाचा. कामगार राहायचा परळ-लालबागच्या चाळीत आणि भोंगा झाला की पायी गिरणीत जायचा. त्याला कामावर जायला लोकल लागत नव्हती, त्यामुळे स्टेशनांना ऐसपैस जिन्यांची गरजही भासली नाही. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातून गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. 1991 च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी सोडायचा होता. 2001 च्या बदलानंतर ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. मग धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. एल्फिन्स्टन आणि ज्युपिटर या गिरण्यांच्या जमिनीवर आज कार्यालयांचे टॉवर आहेत.

गिरणी गेली तशी माणसंही हलली. चाळीतली पुढची पिढी डोंबिवली, कल्याण, विरारकडे सरकली आणि तिच्यातलीच कितीतरी मुलं-मुली रोज सकाळी लोकलने पुन्हा इथेच कामाला येऊ लागली. शिफ्टला चालत जाणाऱ्या माणसाच्या जागी जिना चढणारा माणूस आला. एकेका टॉवरला चटईक्षेत्र किती, गाड्या ठेवायला जागा किती, याचा काटेकोर हिशेब झाला. त्या टॉवरमधला माणूस स्टेशनाच्या कुठल्या जिन्याने उतरणार, हे मोजणं महापालिकेचं काम की रेल्वेचं, आणि रेल्वेचं तर कोणत्या रेल्वेचं, हे मात्र कोणीच ठरवलं नाही. स्टेशनाचा पुनर्विकास मागे पडला तो इथे. गिरण्यांचा विकास आराखड्याने झाला आणि स्टेशनाचा पंचनाम्याने.

अपघातानंतर महिनाभरात सरकारने लष्कराला बोलावलं. एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली असे तीन पूल लष्कराच्या अभियंत्यांनी उभारले आणि 27 फेब्रुवारी 2018 रोजी ते खुले झाले. सीमेवरचं लष्कर लोकलच्या प्रवाशांसाठी राबवायचं का, अशी टीका तेव्हा झाली. टीका रास्त होती, पण ती लष्करावर नव्हती. जे मंजुरी, निधी, निविदा यांच्या फेऱ्यात अडकलं होतं ते चार महिन्यांत होऊ शकतं, हे त्या पुलांनी सिद्ध केलं आणि संबंधितांना अडचणीत टाकलं.

मार्च 2019 मध्ये परळ टर्मिनस सुरू झालं. या सगळ्या वर्षांतलं खरं रेल्वेचं म्हणावं असं काम हे. नवा फलाट झाला, परळहून सुटणाऱ्या लोकल सुरू झाल्या. संध्याकाळी दादरच्या फलाटावर झुंजण्याऐवजी परळला रिकामी गाडी पकडून बसून जाता येतं, याचं मोल कल्याणच्या माणसाला विचारावं. त्यामुळे ब्रिटिश अमदानीपासूनच्या परळ वर्कशॉपच्या कामगारांना मात्र आपल्या कारखान्याचं पुढे काय होणार ही धास्ती लागली. गिरणगावात ती नवी नाही.

दरम्यान जुलै 2018 मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला, त्यानंतर आयआयटीच्या मदतीने 445 पुलांची तपासणी ठरली. लोअर परळचा डिलाईल पूल त्याच महिन्यात बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडला.

मग स्थानकांच्या पुनर्विकासाची अमृत भारत योजना आली. ऑगस्ट 2023 मध्ये भूमिपूजन झालेल्या 508 स्थानकांत परळ होतं, फेब्रुवारी 2024 च्या यादीत प्रभादेवी. 22 मे 2025 रोजी देशभरातल्या 103 स्थानकांचं उद्घाटन झालं, त्यांत परळही होतं. नवा दर्शनी भाग, रंग, दिवे, नीटनेटकी प्रवेशद्वारं. दिसायला बरं आहे, नाही म्हणवत नाही. पण परळला उतरणाऱ्यांत केईएम, टाटा आणि वाडिया रुग्णालयांत निघालेले लोक असतात. कुणाच्या हातात फायली आणि एक्स-रेची पाकिटं, कुणी आजारी आईला दंडाला धरून नेतंय. त्यांच्या लेखी पुनर्विकास म्हणजे लिफ्ट चालू आहे की नाही आणि सरकता जिना वर जातोय की बंद पडलाय, एवढंच. दर्शनी भाग त्यांनी वर मान करून पाहिला असेल असं वाटत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टनचा रस्त्याचा पूल पाडण्यासाठी बंद झाला. तिथे शिवडी–वरळी जोडरस्त्यासाठी दोन मजली पूल येणार आहे. वरून अटल सेतूकडची वाहनं, खालून परळ–प्रभादेवीची स्थानिक वाहतूक. एप्रिलमध्येच पूल बंद करायचा बेत होता, पण लक्ष्मी निवास आणि हाजी नूरानी चाळीतल्या रहिवाशांनी आधी आमच्या घरांचं काय ते सांगा म्हणून तो अडवला. वाहनांना टिळक पूल आणि करी रोडचा वळसा मिळाला, त्यात केईएमकडे निघालेल्या रुग्णवाहिकाही आल्या. पायी जाणाऱ्यांना वळसा परवडत नाही. पूर्वेकडून पश्चिमेला भाजी, शाळा, देऊळ, नोकरी यांसाठी जाणारा माणूस आता रेल्वेच्या पादचारी पुलावर चढतो आणि लोकलमधून उतरलेल्या गर्दीत मिसळतो. हे पूल ज्या गर्दीसाठी बांधले, तिच्यात ही भर धरलेली नव्हती. दोन मजली पूल पूर्ण होईपर्यंत ही भर रोज किती, हे दोन्ही रेल्वेंनी आणि पुलाचं काम पाहणाऱ्या एमएमआरडीएने एकत्र उभं राहून मोजायला हवं, आणि तेही पावसाळ्याच्या आत.