मुलाने निवडलेला विषय बंद होतो तेव्हा

अकरावीच्या प्रवेशाची धांदल ज्या घराने एकदा अनुभवली, त्या घराला लग्नकार्याची दगदग फारशी वाटेनाशी होते! दहावीचा निकाल, गुणांची बेरीज, नातेवाइकांचे फोन, पसंतीक्रमाची यादी, मग पहिली फेरी, दुसरी फेरी. २०२५ सालापासून साऱ्या राज्यातच हे प्रवेश ऑनलाइन झाले आहेत. त्यामुळे पूर्वी भर पावसात छत्री घेऊन रांगेत उभे राहणारे वडील आता घरी बसून तितक्याच धास्तीने पडद्याकडे पाहत असतात. अखेर कॉलेज मिळते, शाखा मिळते, पेढे वाटले जातात आणि आठ-दहा दिवसांनी फलकावर दोन ओळींची सूचना लागते : पुरेशा विद्यार्थ्यांअभावी अमुक विषय या वर्षी शिकविला जाणार नाही, संबंधितांनी तीन दिवसांत विषय बदलून घ्यावा.

मोठ्या माणसांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ असते. एक विषय गेला, दुसरा घ्यावा! पण सोळा वर्षांच्या मुलाने आयुष्यात स्वतःच्या बुद्धीने केलेली ती बहुधा पहिलीच निवड असते. शाळा आईबापांनी निवडलेली असते, क्लास शेजाऱ्यांच्या सल्ल्याने लागलेला असतो. हा एक विषय तेवढा त्याचा स्वतःचा असतो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली गोष्ट सांगतो. तिथला मुलगा लहानपणापासून मामाबरोबर गडकिल्ले हिंडणारा. इतर मुले गडावरून फोटो घेऊन येत, हा खिशातून दगड घेऊन येई. बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्याने कापसावर नीट मांडून ठेवलेले स्टिल्बाइटचे आणि अपोफिलाइटचे स्फटिक मी पाहिले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडणारा निळाशार कॅव्हान्साइट आपल्याला कधी मिळेल, हा त्याचा ध्यास. भूगर्भशास्त्र हा बारावीपर्यंत शिकता येणारा विषय आहे आणि तो फार थोड्या कॉलेजांत आहे, हे त्याचे त्यानेच शोधून काढले. घराजवळचे नावाजलेले कॉलेज मिळत असताना, केवळ त्या एका विषयासाठी, लोकलने तासभर लांब असलेले कॉलेज त्याने पसंतीक्रमात पहिले लिहिले.

आणि तिथे तीच सूचना लागली. शिकविणारे प्राध्यापक निवृत्त झाले होते, त्यांची जागा भरलेली नव्हती आणि विषय मागणारी मुले होती अवघी सात!

वडिलांच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, “बरं झालं! नाहीतरी दगड फोडून काय मिळणार होतं? आता मुकाट्याने आय. टी. घे. मार्कांचा विषय आहे.”

मुलगा म्हणाला, “बरं, बाबा.” त्यापुढे तो काही बोलला नाही. फक्त तो डबा टेबलावरून माळ्यावर गेला. हे वडिलांच्या ध्यानात आले नाही, आईच्या आले.

दोष कुणाचा?

अशा वेळी प्राचार्यांना शिव्या देणे सर्वांत सोपे. पण त्यांचीही बाजू ऐकावी. सात मुलांसाठी स्वतंत्र शिक्षक नेमायचा तर त्याचा पगार कुठून द्यायचा? वेळापत्रकात तास हवेत, प्रयोगशाळेत नमुने हवेत. मुले कमी म्हणून जागा भरली जात नाही, जागा भरली नाही म्हणून पुढच्या वर्षी मुले आणखी कमी. एखादा विषय असा दोन-तीन वर्षांत निमूटपणे नाहीसा होतो. तर्कशास्त्र, अर्धमागधी, फारसी यांसारख्या विषयांना हीच धास्ती असते.

मग मुले कमी का? कारण पसंतीक्रम लिहिताना तुम्ही-आम्हीच मुलाच्या मागे उभे असतो! कशात गुण जास्त, कशाचा क्लास आहे, सीईटीला काय चालते, एवढेच आपण पाहतो. हजार घरांनी असा विचार केला की एक विषय मरतो आणि त्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

या विषयाची आपल्याला गरज नाही म्हणावे तर तेही खरे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर आपला बहुतेक महाराष्ट्र उभा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, जुलै २०१४ मध्ये दरडीखाली गेलेले माळीण, जुलै २०२१ मधले तळिये, जुलै २०२३ मधली इर्शाळवाडी. दर वेळी आपण विचारतो, की आधी कुणी सांगितले कसे नाही? सांगणारी माणसे कुठल्यातरी वर्गात बसून आधी शिकावी लागतात.

विलायतेतली हकीगत

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. इंग्लंडमध्ये आपल्या बारावीच्या तोडीची ‘ए लेव्हल’ ही परीक्षा असते. ती घेणाऱ्या मंडळांपैकी ए. क्यू. ए. या मंडळाने २०१६ च्या ऑक्टोबरात जाहीर केले, की कलेचा इतिहास आणि पुरातत्त्व हे विषय आपण यापुढे ठेवणार नाही. पुरेसे अनुभवी परीक्षक मिळणे कठीण, हे त्यांचे एक कारण होते. कलेच्या इतिहासाला बसणारी मुले वर्षाला हजारही नव्हती. तरी शिक्षकांनी, कलावंतांनी आणि संग्रहालयांतल्या जाणत्यांनी आवाज उठवला आणि त्याच डिसेंबरात पिअर्सन या दुसऱ्या संस्थेने तो विषय उचलून धरला. पुरातत्त्वासाठीही लोक भांडले; पण त्याला कुणी वाली मिळाला नाही. आधीच शिकत असलेल्या मुलांना परीक्षा देऊ दिली आणि मग तो विषय संपला.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, बंगाली, पंजाबी, पोलिश अशा भाषांवर हीच पाळी आली होती. तिथे राहणाऱ्या कुटुंबांनी अर्ज केले, सह्या जमवल्या, खासदारांना गाठले. आणि २०१६ साली त्या भाषा वाचल्याचे सरकारने जाहीर केले. यावरून दोन गोष्टी दिसतात. मागितल्यावर दर वेळी मिळतेच असे नाही. आणि न मागता तर काहीच मिळत नाही.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, लेखी विचारावे. विषय या वर्षापुरता बंद की कायमचा? किती मुले झाली तर सुरू होईल? तासिका तत्त्वावर शिक्षक मिळाला तर? त्या सात मुलांच्या पालकांनी मिळून प्राचार्यांची भेट घ्यावी. एकट्याने जाणारा पालक गाऱ्हाणे घेऊन आलेला वाटतो. सात पालक गेले की तो विचार करण्याजोगा प्रश्न होतो.

दुसरी गोष्ट, त्या तीन दिवसांत बदली विषय घाईने उचलू नये. वैद्यकीयची वाट मोकळी ठेवायची तर जीवशास्त्र लागते, इंजिनिअरिंगसाठी साधारणपणे गणित. ही चौकशी आधी करावी. रागाच्या भरात कॉलेजच सोडायचे झाले, तर पुढच्या फेरीचे नियम वाचूनच सोडावे. पहिल्या पसंतीची जागा नाकारणाऱ्याला नियमित फेऱ्यांत पुन्हा सहज जागा मिळत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अकरावीचा विषय गेला म्हणजे विद्या गेली असे नाही. जर्मन किंवा फ्रेंच गेली, तर मॅक्स म्युलर भवन, आलियान्स फ्रान्सेज आणि पुण्यातली रानडे इन्स्टिट्यूट आहेत. मानसशास्त्र आणि चित्रकला हे विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयात आहेत. भूगर्भशास्त्राचे म्हणाल, तर विज्ञान शाखेची बारावी झाल्यावर पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये पदवीला तो विषय घेता येतो. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ साली स्थापन झालेली जुनी संस्था आहे आणि तिच्यातील भरतीसाठी लोकसेवा आयोगाची स्वतंत्र परीक्षा आहे. सुरतेत जन्मलेले दाराशॉ वाडिया १९०७ पासून जम्मूच्या कॉलेजात शिकवीत असत आणि सुट्या पडल्या की हिमालयाचे दगड पाहत हिंडत. त्यांनी लिहिलेला भारताच्या भूगर्भशास्त्रावरील ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला आणि १९५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

आमच्या वरच्या मजल्यावर हे सारे समजावून घ्यायला आठवडा गेला. विषय काही परत आला नाही. मुलाने गणित ठेवून जीवशास्त्र घेतले. मात्र आईने डबा माळ्यावरून काढून फडक्याने पुसला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. वडिलांनी, काहीशा संकोचाने का होईना, एका रविवारी विचारले, “काय रे, हा निळा दगड वाघोलीला नेमका कुठे मिळतो?”

आईबापांना एवढेच सांगणे

मुलाचा विषय बंद झाला की पुष्कळ घरांत मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. भांडण न करता आपल्या मनासारखे झाले! मुलांना हा निःश्वास बरोबर ऐकू येतो. कॉलेजने विषय काढून घेतला याचे दुःख ते चार दिवसांत विसरतात. पण आपली निवड घरी कुणालाच महत्त्वाची वाटली नव्हती, हे ते विसरत नाहीत. पुढे नोकरीच्या, लग्नाच्या, घर बांधण्याच्या वेळी हीच मुले “तुम्हीच ठरवा” म्हणतात आणि मग आपणच तक्रार करतो, की यांना स्वतःचे असे काही मतच नाही!

तेव्हा पुढच्या जूनमध्ये ज्यांच्या घरी हा प्रसंग आहे, त्यांनी पसंतीक्रम भरण्यापूर्वी एक फेरी त्या कॉलेजात जरूर मारावी. ‘माहितीपत्रकात विषय आहे’ एवढ्यावर विसंबू नये. गेल्या वर्षी तो प्रत्यक्ष शिकविला का, किती मुले होती, शिकविणारे कोण आहेत, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि विचारताना मुलाला बरोबर न्यावे. प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत. विषय त्याचा आहे.