जुन्या ट्रकचा सायलेन्सर बदलताना



आमच्या गटाकडे भाजी आणि कडबा वाहायला एक जुना डिझेल ट्रक आहे. पहाटे मार्केटला निघताना आमच्यापैकी दोघी ड्रायव्हरदादांशेजारी केबिनमध्ये बसतात. गेल्या हिवाळ्यात काचा बंद करून निघालं की दोघींचं डोकं जड व्हायचं, मळमळायचं. उतरून मोकळ्या हवेत बसलं की बरं वाटायचं. गाडी लागत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मग मिस्त्रींनी खाली शिरून पाहिलं. इंजिनाजवळच्या पाइपाचं पॅकिंग उडालं होतं आणि धूर केबिनमध्ये येत होता.

डिझेल जळताना जो धूर होतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावतात, ती याच वायूने. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त ओढीने याला धरून ठेवतं, म्हणून श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू कमी पडतो. डिझेल इंजिनात हा वायू पेट्रोलपेक्षा कमी निघतो, पण बंद केबिनमध्ये रोज थोडा थोडा घेणंही बरं नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची नोंद कर्करोग करणाऱ्या गोष्टींमध्ये केली आहे. गाडीत बसल्यावर डोकं दुखतं आणि उतरल्यावर थांबतं, असं वारंवार झालं तर आधी काचा उघडा, गाडी थांबवून खाली उतरा आणि मग पाइप तपासून घ्या. चक्कर आली, शुद्ध हरपतेय असं वाटलं, तर दवाखान्यात न्या आणि धुराचं आवर्जून सांगा.

आता धुराची वाट समजून घेऊ. इंजिनाला चिकटून बिडाचा मॅनिफोल्ड असतो. त्यातून धूर पुढच्या पाइपात येतो, तिथून सायलेन्सरमध्ये आणि शेवटी मागच्या पाइपाने बाहेर. प्रत्येक सांध्यावर पॅकिंग किंवा क्लॅम्प असतो. पाइप खाली रबरी हँगरवर लटकतो, कारण इंजिन हलतं आणि पाइपालाही थोडं हलायला जागा लागते. सांध्याभोवती काळी काजळी दिसली किंवा थंड इंजिन चालू करताच 'फस्स फस्स' आवाज आला, तर तिथे गळती आहे असं समजा.

हा पाइप आतूनही गंजतो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांबच्या फेरीत पाइप तापतो आणि वाफ बाहेर जाते. जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या तर ती आतच थंड होऊन साचते आणि पत्रा खाते. काही सायलेन्सरना पाणी गळायला खालून बारीक भोक ठेवलेलं असतं. गळतंय म्हणून ते वेल्डिंगने बुजवू नका.

नवा सायलेन्सर घ्यायच्या आधी धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही: एअर फिल्टर चोंदलाय, नोझल खराब आहे किंवा माल जास्त भरलाय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर नोझल बिघडलंय किंवा रेडिएटरचं पाणी इंजिनात शिरतंय. हे दुखणं इंजिनाचं असतं. महागडा सायलेन्सर लावला तरी ते जाणार नाही, पैसे मात्र जातील.

काही जण सुचवतात, सायलेन्सर काढून सरळ पाइप टाका, गाडी पळेल. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनात याने फारसा जोर वाढत नाही, आवाज मात्र गावभर होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे धूर आणि आवाजाची मर्यादा ओलांडली तर पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीला कंपनीने धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दिला असेल, तर तोही काढू देऊ नका.

मग सुधारणा काय करायची? गाडीच्या मॉडेलप्रमाणे त्याच मापाचा सायलेन्सर घ्या. साधा लोखंडी पत्रा स्वस्त, पण लवकर गंजतो. ॲल्युमिनियमचा लेप दिलेला जास्त टिकतो. स्टेनलेसचा सर्वांत महाग आणि सर्वांत टिकाऊ. जवळच्या फेऱ्या जास्त असतील तर गंज न धरणाऱ्या पत्र्यावर थोडे जास्त पैसे घालणं परवडतं. पॅकिंग, क्लॅम्प आणि हँगर नवेच टाका, जुने परत लावू नका.

काम चालू असताना आपल्यापैकी एकीने तिथे थांबावं. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढल्या का, हौद्यातला कडबा उतरवला का, हे बघावं. नवा पाइप ब्रेकच्या नळीला, वायरिंगला किंवा टायरला घासता कामा नये. त्याचं तोंड केबिनच्या बरंच मागे, मोकळ्या हवेत यायला हवं. कडब्याच्या बाजूने पाइप जात असेल तर मधे पत्र्याची आड हवीच. आठवडाभर गाडी चालली की नटबोल्ट पुन्हा आवळून घ्या, तापून-निवून ते सैल होतात. बिल भागवार मागा आणि काढलेले जुने भाग बघायला मागा.

शेवटी पीयूसी करून घ्या. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. डिझेल गाडीची धुराची मर्यादा बीएस-४ साठी ५० आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी ६५ हार्ट्रिज आहे. दर वेळचा आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा. तो वाढत चालला तर इंजिन दाखवायची वेळ आली.

आमच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. गाडीच्या कमाईतून दर महिन्याला थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढायची. आणि ताडपत्री टाकलेल्या हौद्यात कुणालाही, लेकरांना तर मुळीच, बसवायचं नाही, कारण चालत्या गाडीचा धूर मागून आत ओढला जातो. तुमच्या गटाकडे गाडी असेल तर पुढच्या बैठकीआधी ती एकदा सकाळी थंड असताना चालू करून, वाकून ऐका.