प्लग बदलण्याआधी प्लग वाचा

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी तिथल्या जावा-येझदी मोटरसायकली पुण्याच्या रस्त्यांवर अजून फटफटत असतात. मालकांची ठरलेली तक्रार म्हणजे नवा प्लग टाकला तरी आठवड्याभरात पुन्हा मिसफायर. अशा वेळी प्लग बहुधा निर्दोष असतो. दुखणं दुसरीकडे असतं.

प्लग काढून टोक पाहा. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त जातंय: अडकलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर, कार्ब्युरेटरचा फ्लोट तपासा. टोक तेलकट असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मापाने घाला, अंदाजाने नको. तरीही धूर थांबेना आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय. टोक पांढरंफटक असेल तर कुठून तरी जादा हवा शिरतेय किंवा जेट तुंबलाय; गाडी तशीच दामटली तर पिस्टन जाम होतो.

लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत रांगत चालल्यानेही प्लग काळवंडतो, कारण सुमारे ४५० अंश सेल्सियस तापल्यावरच तो स्वतःवरची काजळी जाळतो.

गाडी तापली की बंद, निवली की चालू? संशय कॉइल-कंडेन्सरवर घ्या. पॉइंट उघडताना मोठ्या ठिणग्या उडत असतील तर आधी कंडेन्सर बदला. सुट्या भागांसाठी पुण्यातल्या नाना पेठेत चौकशी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे खरा दोष सापडेल.